पुण्यात नवीन आलात आणि पाखरांना दाणे टाकायची सवय आहे? मग हे वाचा

मी मूळची अकोटची. २००८ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात आले आणि कर्वेनगरला एका बंगल्याचा तळमजला भाड्याने घेतला, कारण काय तर मागे छोटंसं अंगण होतं. आमच्याकडे आजी रोज सकाळी मूठभर ज्वारी अंगणात टाकायची, ओसरीत चिमण्यांसाठी कणसं टांगलेली असायची, त्याच्यावर कोणी काही बोलेल असं कधी मनातही आलं नव्हतं. तर इथे आल्यावर दुसऱ्याच दिवसापासून मी पण सुरू केलं. पहिले चारपाच दिवस चिमण्या आल्या, दोन साळुंक्या आल्या, मी आईला फोन करून सांगितलं की पुणं आपल्यासारखंच आहे.

तिसऱ्या आठवड्यात कबुतरं आली. आधी सहा, मग वीस, मग मोजायचं सोडून दिलं.

आणि एक दिवस गेटला अडकवलेली चिठ्ठी मिळाली. सुवाच्य अक्षर, खाली तारीख. "आपण ज्वारी टाकता ती आपल्या अंगणात. तिचा परिणाम आमच्या अंगणात. कृपया विचार व्हावा." मला इतका राग आला होता ना, की हा माणूस भिंतीपलीकडे राहतो, रोज दिसतो, तोंडाने बोलायला काय झालं! आमच्याकडे कोणी असं केलं तर अपमान समजतात. पण सतरा-अठरा वर्षं इथे काढल्यावर सांगते, पुण्यात चिठ्ठी ही सगळ्यात मऊ पायरी आहे, तुम्हाला तोंडावर लाजवायचं नाही म्हणून दिलेली. तिच्याकडे दुर्लक्ष केलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो, नंतर कमिटीला लेखी अर्ज जातो आणि त्याची पोच घेतलेली असते, आणि तोपर्यंत गोष्ट हाताबाहेर गेलेली असते. भाडेकरू असाल तर अजून एक, शेजारी आणि घरमालक तीसतीस वर्षांचे ओळखीचे असतात, त्यामुळे फोन तुम्हाला न येता मालकांना जातो आणि तुमचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचंच असतं. तेव्हा चिठ्ठी आली की त्याच आठवड्यात जा. दुपारी जाऊ नका हे मी वेगळं सांगत नाही.

मी गेले ती भांडायच्या तयारीतच. काका काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले, वर चला. गच्चीवर खाटेवर पांढरं धोतर अंथरून काकूंनी कुरडया घातलेल्या, आणि त्याच्यावर हिरवट-पांढरे शिंतोडे, एक पीस चिकटलेलं. सोलरच्या नळ्यांवर थर जमलेला. आणि तिथून खाली माझं अंगण दिसत होतं, स्वच्छ, झाडलेलं. कबुतरं माझ्याकडे फक्त जेवायला यायची, बसायची आणि घाण करायची ती काकांकडे. हे मला माझ्या दारातून कधी दिसलंच नसतं. म्हणून नवीन लोकांना मी पहिलं हेच सांगते की वाद घालायच्या आधी एकदा समोरच्याच्या गच्चीवरून आपलं घर बघून या.

काकूंना दमा होता हे पण तेव्हाच कळलं. कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ रोज श्वासात जात राहिली की काही जणांच्या फुप्फुसाला सूज येते, डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, आणि फार उशीर झाला तर फुप्फुस कडक होत जातं ते परत पहिल्यासारखं होत नाही. सगळ्यांना होतं असं नाही, पण आपल्या शेजाऱ्याला होणार नाही हे आपण कोण ठरवणार. मुंबईत २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा केवढा गोंधळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, ते बघितलंच असेल. पुण्यातही रस्त्यावर, नदीकाठी, चौकात कबुतरांना दाणे टाकाल तर महापालिका दंड करते. आणि "मुक्या जिवांना घास दिला तर पुण्यच लागतं" हे वाक्य तर चुकूनही वापरू नका, मी वापरलं होतं, काका म्हणाले, "आमची ही पण जीवच आहे हो."

आता खरा मुद्दा. तुम्हाला पाखरं हवीत ना, मग धान्य बंद करा. मला पण हे पचायला वेळ लागला. पण उघड्यावर धान्य टाकलं की ते कबुतरांनाच जातं, चिमणीच्या वाट्याला काही उरत नाही. कबुतराची जोडी वर्षभर कधीही अंडी घालते, एका वेळी दोन, साधारण अठरा दिवसांत पिल्लं, म्हणजे आपण रोज जेवण पुरवलं की पलटण वाढतच जाणार. वर रात्री राहिलेल्या दाण्यांना उंदीर-घुशी येतात ते वेगळंच. आणि चिमणी तिच्या लहान पिल्लांना दाण्यांपेक्षा मुख्यतः अळ्या-किडेच भरवते, तेव्हा तिला खरी मदत करायची तर औषध न मारलेली चार झाडं हवीत. शिळी पोळी, फरसाण, खारी बिस्किटं तर नकोच नको.

मी धान्य थांबवल्यावर आठदहा दिवस कबुतरं भिंतीवर ओळीने बसून माझ्या दाराकडे बघायची, फार वाईट वाटायचं, त्यात मन घट्ट नाही ठेवलं तर परत पहिल्यापासून सुरू. मग गेली.

पाणी मात्र ठेवा, एप्रिल-मे मध्ये तर नक्की. मातीचं पसरट परळ घ्यायचं, खोल भांडं नको, आणि रोज पाणी ओतून आतून घासायचं, कारण डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं वरून पाणी भरलं तर जात नाहीत. साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या की महापालिकेची नोटीस येते आणि मग शेजाऱ्याला कारणच मिळतं. परळ आपल्या भिंतीच्या आत, शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. एवढं करूनही कोणी नुसत्या पाण्यावर हरकत घेतली तर मग मात्र ऐकायची गरज नाही, शांतपणे सांगायचं की भांडं रोज घासते, या बघायला. असेही नग भेटतात, नाही असं नाही.

जागा असेल तर कढीपत्ता, शेवगा, जास्वंद लावा. कढीपत्त्याला काळी फळं आली की बुलबुल आणि कोकीळ येतात, शेवगा फुलला की शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा इवलासा पक्षी, येतो, तो तर कुंडीतल्या जास्वंदीला पण येतो, म्हणजे फ्लॅटवाल्यांचं पण जमतं. बाल्कनीत कबुतराने आधीच अंडी घातली असतील तर पिल्लं उडेपर्यंत साधारण दीड महिना थांबा, मग ती जागा आधी पाण्याने ओली करून, तोंडाला मास्क लावून साफ करा, कोरडा झाडू मारू नका, आणि लगेच जाळी बसवून घ्या. जाळी ताणलेली हवी, सैल असली तर पाखरांचे पाय अडकतात.

आणि हौस भागत नसेल तर हिवाळ्यात एखाद्या रविवारी पहाटे उठून सोलापूर रोडला कवडीपाटला जा, बाहेरून आलेली बदकं असतात, किंवा सिंहगडाच्या पायथ्याच्या व्हॅलीत जा. तिथे कोणाच्या कुरडया वाळत नसतात.

काकांशी आता चांगलं आहे, म्हणजे पुण्यात जितकं असतं तितकं. आम्ही नंतर तिथेच पलीकडच्या गल्लीत घर घेतलं, आता मागची भिंत त्यांना लागून. मागच्या महिन्यात परत चिठ्ठी आली. "आपल्या कढीपत्त्याच्या बिया बुलबुल आमच्याकडे टाकतात. कुंड्यांत सात रोपे उगवली आहेत. दोन ठेवून घेतली. पाच परत हवी असल्यास सकाळी नऊपूर्वी न्यावीत."

मी साडेआठलाच गेले.