नव्या गाडीच्या रंगावरची जाळी

डिलिव्हरीनंतर उन्हात पाहिलं तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे. धुळीवर कोरडं फडकं फिरवलं, एकाच बादलीच्या गढूळ पाण्याने गाड्या धुतल्या की हेच होतं. शोरूमवाले "रबिंग करून देतो" म्हणाले, म्हणजे खरखरीत पेस्टने रंग घासणं. मी ठाम नकार दिला. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घासून गेला की परत येत नाही.

घरीच केलं. शाम्पूने धुतली, क्ले बारने (मऊ मातीसारख्या वडीने) चिकटलेले कण काढले. मग ड्युअल ॲक्शन पॉलिशर (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं मशीन), मऊ फोम पॅड आणि सगळ्यात सौम्य, थर कमीत कमी घासणारं पॉलिश, आधी छोट्याशा जागेवर करून पाहिलं. जाळी गेली! नखाला अडकणारा एक ओरखडा मात्र खोल आहे, तो तसाच ठेवला. शेवटी सीलंट, म्हणजे रंगावर संरक्षक लेप. पुढच्या गाडीला "धुऊ नका, तशीच द्या" हे बुकिंगलाच लिहून देणार.