वाडा विकला गेलाय? चावी द्यायच्या आधी हे वाचा

आमचा इंदूरच्या रामबागेतला वाडा विकला गेला हे आम्हाला दूधवाल्याकडून कळलं. आजोबांच्या वेळपासून आम्ही तिथे भाड्याने, कागद म्हणाल तर जुन्या रसिदा आणि विजेची बिलं, बस. दुसऱ्याच आठवड्यात दोन माणसं येऊन म्हणाली की रजिस्ट्री झाली आता महिन्याभरात खाली करा, आणि घरात दोन रात्री कोणाला झोप नाही. मग वकिलांकडे चकरा मारून जे समजलं ते इथे लिहितेय, कारण लोकमान्य नगर, नारायण बाग, जेल रोडकडे हीच वेळ कितीतरी मराठी घरांवर येतेय.

पहिलं डोक्यात पक्कं बसवा, मकान विकलं म्हणून तुमची किरायेदारी संपत नाही. विकायला मालकाला तुमची परवानगी लागत नाही हे खरं, पण संपत्ती हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 109 प्रमाणे नवा मालक जुन्याच्या जागी येतो, हक्कांसकट आणि जबाबदाऱ्यांसकट. वकिलाची 15 दिवसांची नोटीस आली तरी 15 दिवसांनी सामान बाहेर असं होत नाही, खाली करून घ्यायचं तर कोर्टाचा आदेश लागतो आणि त्यासाठी मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 च्या कलम 12 मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं.

आता भाडं. इथेच लोक फसतात, "मालक कोण तेच कळत नाही तर कोणाला द्यायचं" म्हणून चार महिने देतच नाहीत, आणि समोरच्याला आयतं कारण मिळतं. थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत पूर्ण रक्कम दिली नाही तर खाली करायचा दावा लागतो. म्हणून नव्या मालकाकडे रजिस्ट्रीची कॉपी लेखी मागा, ती बघितली की भाडं त्याला द्या, बँकेतून किंवा यूपीआयने, रोख देऊच नका. विक्रीचं माहीतच नसताना तुम्ही जुन्या मालकाला भाडं दिलं असेल तर तेच भाडं परत नव्याला द्यावं लागत नाही, तेही कलम 109 मध्येच आहे. नवा मालक घेतच नसेल तर भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे जमा करता येतं, हा डेप्युटी कलेक्टर किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी असतो, कलेक्टोरेटमध्ये विचारा.

"मला स्वतःला राहायचंय" असं नवा मालक म्हणाला तर तारीख बघा. कलम 12 च्या पोटकलम 4 प्रमाणे घर विकत घेतल्यापासून एक वर्ष होईपर्यंत स्वतःच्या गरजेसाठी, राहायला असो की धंद्याला, दावा लावताच येत नाही. पण हे एक वर्ष फक्त त्या कारणापुरतं, थकबाकी किंवा पाडून बांधणं याला ते लागू नाही.

आणि पाडून बांधणं हेच आपल्या वाड्यांचं खरं प्रकरण आहे. बिल्डर गोड बोलतो, काका सही करा, नवीन बिल्डिंगमध्ये तुम्हाला फ्लॅट नक्की, आणि नोटरीच्या एका कागदावर माणसं पन्नास वर्षांचं घर सोडतात. करू नका असं, खरंच करू नका! कोर्टातून गेलं तर कलम 12 च्याच पोटकलम 7 प्रमाणे मालकाला नकाशे आणि अंदाजपत्रक तयार आहे, पैसा हातात आहे हे दाखवावं लागतं, आणि राहत्या घराचा वापर पार बदलून टाकायचा असेल तर तो बदल सार्वजनिक हिताचा आहे हेही पटवावं लागतं. शिवाय त्याच 1961 च्या कायद्यात कलम 18 आहे. दुरुस्ती किंवा नवीन बांधकामासाठी घर खाली करायला सांगताना कोर्ट तुम्हाला विचारतं की काम झाल्यावर परत यायचंय का, तेव्हा स्पष्ट "हो" सांगा आणि ते आदेशात लिहून घ्या. मग आदेशात जी तारीख असेल त्या तारखेपर्यंत ताबा द्यायचाच, उशीर केलात तर परत येण्याचा हक्क घालवून बसाल. आमच्या शेजारच्या काकूंनी नोटरीवाली सही आधीच करून टाकली होती, त्या आता मुलीकडे राहतात आणि बिल्डर फोन उचलत नाही. मला अजून वाईट वाटतं की आठ दिवस आधी हे माहीत असतं तर थांबवलं असतं त्यांना.

दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात सगळं थकलेलं भाडं कोर्टात भरा आणि पुढे दर महिन्याला 15 तारखेच्या आत, त्याच कायद्याचं कलम 13. हे चुकलं तर तुमचा बचावच काढून टाकला जाऊ शकतो, वकिलावर सोडू नका, पावती स्वतःजवळ ठेवा.

पाणी किंवा लाइट तोडली तर कायद्याने ते चालत नाही, भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, फोटोवर तारीख येईल असं बघा. "जुनी बोली सोडा, नवा 11 महिन्यांचा किरायानामा करू" म्हणाले तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. आणि जबरदस्तीने बाहेर काढलंच तर विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 खाली ताबा परत मिळवायचा दावा लावता येतो, पण सहा महिन्यांच्या आत, त्यामुळे नातेवाइकांची मध्यस्थी चालू असली तरी दिवस मोजत राहा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.