शोभेचा बॉनेट स्कूप कामाचा करताना

बॉनेट स्कूप म्हणजे बॉनेटवरचा, बाहेरची हवा इंजिनाला देणारा उंचवटा; शोभेच्या स्कूपखाली भोक नसतं. ते पाडायला नुसतं बॉनेट कापून भागत नाही. स्कूपमधली थंड हवा इंजिनाभोवतीच्या गरम हवेत मिसळली, तर फायदा जवळजवळ शून्य. माझ्या मते खरं काम सीलचं आहे: एअरबॉक्सच्या (एअर फिल्टरच्या डब्याच्या) तोंडाभोवती जाड, मऊ फोमची कड लावा, बॉनेट बंद केल्यावर ती स्कूपच्या तोंडाभोवती नीट दाबून बसली पाहिजे. कडक पत्र्याची नळी नको, कारण इंजिन त्याच्या माउंटवर (लवचिक आधारांवर) हलतं. बॉनेटखालच्या आधारपट्ट्या कापू नका. उघड्या कडांना लगेच गंजरोधक प्रायमर. एअरबॉक्सच्या तळाला पाणी निचरायला छिद्र हवंच, फिल्टर भिजता कामा नये. आधी आणि नंतर, त्याच वेगात, ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) इनटेक हवेचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं, तापमान बघा. फरक नसेल तर आधी सील तपासा.