वाड्याचा होमस्टे केलाय? मग त्याचा खरा इतिहास असा शोधा

वाई-साताऱ्याकडं जुन्या वाड्यांचे होमस्टे व्हायला लागलेत, छानच आहे, पडून जाण्यापेक्षा वाडा नांदता राहिलेला बरा. पण पाहुण्यांना उगाच "शिवकालीन वाडा" म्हणून सांगू नका, थोडं शोधलं की खरं सापडतं आणि तेच जास्त भारी असतं.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. 1948 ला वाडा जळला होता का हे नक्की विचारा, कारण गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत आपल्या भागातले बरेच वाडे गेले, म्हणजे दगडी जोतं जुनं आणि वरचं सगळं नंतरचं असंही असू शकतं.

मग भूमी अभिलेखमधून प्रॉपर्टी कार्ड आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) काढा. इनाम (राजानं किंवा सरकारनं दिलेली जमीन) असेल तर पुण्याच्या पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात चौकशी करा.

पेटाऱ्यात मोडी कागद निघाले तर लॅमिनेशन अजिबात करू नका! सपाट ठेवून फोटो काढा, मोडी जाणकाराला दाखवा. तारखेची गंमत बघा, शके असेल तर 78 मिळवायचे (जानेवारी ते पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79), पण "अर्बा सबैन मया व अलफ" असलं काही आलं तर ते अरबी आकडे, 4, 70, 100 आणि 1000, म्हणजे शुहूर सन 1174, त्यात 599 मिळवले की 1773, हे वर्ष जूनच्या सुरुवातीला मृगाला बदलतं म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला 600 मिळवा.

देवडीत बोर्ड लावताना कागदावरनं कळलेलं वेगळं लिहा, ऐकीव वेगळं.