घसारा नक्की कशाचा आणि कधीपासून? अकाउंट्सला नवीन लागलेल्यांसाठी

बी.कॉम. करून कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अकाउंट्सला लागलात की मार्चएंडला घसारा, म्हणजे आपलं डेप्रिसिएशन, हमखास समोर येणार. गणित कॉलेजात झालेलं असतं हो, पण मालक नफा-तोटा पत्रक बघून विचारतो "आरं, हे तीन लाख कुणाला दिलंस?" तिथं गाडी अडते. कुणालाच दिलेले नसतात. पैसे मशीन घेतलं तेव्हाच गेले, आता तो खर्च मशीन चालेल तेवढ्या वर्षांवर वाटून टाकायचा एवढंच. बँकवाले टर्म लोनचे हप्ते झेपतील का बघताना नफ्यात घसारा परत मिळवतात ते म्हणूनच, मालकाला हे सांगितलं की पटकन पटतं.

समजा 20 लाखांचं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घेतलं, वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 3 लाख 60 हजार. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, म्हणजे हा टॅक्स आपल्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा केला असेल, तर किंमत 20 लाखच धरायची, त्याच टॅक्सवर घसारा पण घेता येत नाही. उलट गाडीभाडं, फाउंडेशन, मशीन बसवायचा खर्च किमतीत धरायचा असतो आणि नवीन पोरं नेमकं तेच खर्चात टाकून मोकळी होतात. इन्कम टॅक्सला साध्या मशिनरीचा दर 15 टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी 3 लाख, पुढच्या वर्षी उरलेल्या 17 लाखांवर 2 लाख 55 हजार. कॉम्प्युटरला 40, फर्निचरला 10, जमिनीला काहीच नाही.

खरी वादावादी तारखेवरनं होते. बिल सप्टेंबरचं, पण लाईटचा लोड वाढवून मिळेपर्यंत मशीन डिसेंबरात चालू झालं, तर त्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी, मग निम्माच दर, दीड लाख. त्यामुळं नुसतं बिल बघून एंट्री मारू नका, शॉपवर जाऊन सुपरवायझरला विचारा, ट्रायल रिपोर्टची झेरॉक्स फाईलला लावा.

प्रायव्हेट लिमिटेड असेल तर घसाऱ्याचे चार्ट दोन करायचे, एक इन्कम टॅक्सचा आणि एक कंपनी कायद्याचा, कारण कंपनी कायदा 2013 मध्ये मालमत्तेचं आयुष्य धरतात (कॉम्प्युटर 3 वर्षं) आणि पहिल्या वर्षी जेवढे दिवस वापर तेवढाच घसारा.

टॅलीत जर्नल, डेप्रिसिएशन डेबिट, मशिनरी क्रेडिट, झालं. आणि मोटर रिवाइंडिंगचं बिल मशिनरीत घालू नका, ते रिपेअर्सला.