एरोबार लावताय? आधी सीट पुढं घ्या

सायकलवरून गगनबावड्याच्या रस्त्यावर कळे गावापर्यंत पोचेस्तोवर माझी मान आखडली होती आणि मांड्यांमधला भाग पार बधिर झाला होता. एरोबार, म्हणजे वाकून हात टेकवायला हँडलवर बसवायचे पॅडवाले दांडे, अर्ध्या तासात बसवले होते, पण सीटला हात लावला नव्हता. दुखणं मागं होतं आणि मी हँडलच वरखाली करत बसलो होतो.

साध्या रोड बाईकच्या फ्रेममधली सीटची नळी जमिनीशी साधारण ७३ अंशांत असते, ट्रायथलॉनच्या (पोहणं-सायकल-धावणं शर्यतीच्या) सायकलची ७६ ते ८०, म्हणजे तिची सीट जास्त पुढं. रोड बाईकवर एरोबार धरून वाकलं की धड खाली जातं, कंबर मात्र मागंच राहते. मांडी पोटाला भिडते, श्वास पुरा भरत नाही. त्यामुळं वाकताना कंबरही पुढं यायला हवी.

काहीही हलवण्याआधी आत्ताची मापं लिहून ठेवा. सीटपोस्टवर (सीटच्या खालच्या दांड्यावर), तो फ्रेममध्ये शिरतो तिथं, इन्सुलेशन टेपची एक पट्टी चिकटवा. मग गवंड्याचा ओळंबा घ्या, नसेल तर दोऱ्याला नट बांधा. तो सीटच्या टोकावरून सोडा आणि दोरा क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) मध्यापासून किती मागं पडतो ते मोजा. हे माप कागदावर असलं की कितीही बिघडलं तरी पाच मिनिटांत मूळ जागी परत येता येतं.

आता सीट २ सेंटीमीटर पुढं सरकवा. पुढं गेलेली सीट पेडलच्या जवळ येते, म्हणून दर सेंटीमीटरमागं सुमारे ३ मिलीमीटर उंची वाढवा. म्हणजे इथं ६ मिलीमीटर. सीटच्या रुळांवरच्या खुणेबाहेर क्लॅम्प नेऊ नका, आणि सीटपोस्ट किमान किती आत राहायला हवा ते दाखवणाऱ्या त्यावरच्या खुणेच्या वर काढू नका. पुढं जागाच उरली नसेल तर मागं न वळणारा, सरळ सीटपोस्ट घ्या. सीटचं टोक किंचित खाली, एक-दोन अंश, पुरतं. त्याहून जास्त झुकवलं तर माणूस घसरत राहतो आणि सगळा भार खांद्यांवर येतो.

मग एरोबार. बहुतेक क्लॅम्प ३१.८ मिलीमीटरच्या गोल हँडलसाठी असतात. चपट्या एरो हँडलवर ते बसत नाहीत. कार्बनचं हँडल असेल तर कंपनीनं एरोबारला परवानगी दिली आहे का, ते आधी बघा. बोल्ट त्यावर छापलेल्या न्यूटन-मीटरइतकेच आवळा. ॲलन कीवर अंदाजानं जोर लावून कार्बन चिरडण्यापेक्षा जोर मोजून आवळणारा टॉर्क रेंच मागून आणलेला परवडतो.

पॅडवर कोपर नको, कोपराच्या जरा पुढचा हात टेकला पाहिजे. कोपरात साधारण ९० ते १०० अंशांचा कोन, आणि पॅडमधलं अंतर सुरुवातीला खांद्यांइतकं. सायकल घरात ट्रेनरवर (जागेवरच चालवायच्या स्टँडवर) लावून बसा आणि बाजूनं कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. खांदे कानांकडं चढलेले दिसले तर पॅड लांब आहेत किंवा फार खाली आहेत. पॅडखाली स्पेसर (चकत्या) घालून उंची वाढवा. खाली जायची घाई नको. वीस मिनिटं आरामात टिकणारी उंच बैठक दोन मिनिटांच्या खालच्या बैठकीपेक्षा वेगवान ठरते, कारण उठून बसलात की हवा तुम्हाला पुन्हा अडवतेच.

कंबर डावी-उजवी डुलत असेल तर सीट ३-४ मिलीमीटर खाली घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि दोन-तीन राईडनंतरच पुढची.

एक किंमत मोजावीच लागते. सीट पुढं आली की ब्रेकच्या हूडवर (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर) हात ठेवून चालवताना हँडल फार जवळ वाटतं, तळहातांवर भार वाढतो, आणि पन्हाळ्याचा चढ बसून चढताना पाय पूर्वीसारखे चालत नाहीत. आठवड्यातले निम्मे दिवस पन्हाळा-जोतिबा करणाऱ्यानं सीट सेंटीमीटरभरच पुढं घ्यावी आणि पॅड उंच ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रस्त्यावर पहिल्या दिवशी एरोबारवर पाच मिनिटं पुरे, तीही पहाटे, मोकळ्या सपाट पट्ट्यावर. एरोबारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात, म्हणून शहरात, उतारावर, ग्रुपमध्ये आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर हात हूडवरच हवेत. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या अंधारात मागचा दिवा नसतानाही चालतात. तेव्हा एरोबारवर वाकून खाली बघत जाणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या २० किलोमीटरनंतर थांबा, हँडलवर हातानं जोर देऊन पॅड हलतात का बघा, आणि बोल्ट पुन्हा एकदा तपासा.