हरणाच्या शिकारीसाठी खांद्याला झेपणारी रायफल कशी निवडाल

व्हाइटटेल या पांढऱ्या शेपटीच्या अमेरिकन हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून जो मर्मभाग होतो, तो साधारण आठ इंचांचा, म्हणजे नाश्त्याच्या डिशएवढा असतो. गोळी तिथे बसली तर जनावर थोड्या अंतरात पडतं. पोटात किंवा पायाला लागली तर ते रानात शिरतं आणि तासन्‌तास तडफडतं. जखमी हरणांमागचं एक नेहमीचं कारण नेमबाजाच्या खांद्यात असतं. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो आणि नळीचं तोंड खाली जातं. म्हणून पहिली रायफल घेताना ‘हिची ताकद किती’ याच्याआधी ‘हिच्या धक्क्याला मी दचकणार तर नाही ना’ हे पाहा. व्हाइटटेलला लागणारी ताकद मवाळ काडतुसांतही पुरून उरते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे. इथली सगळी माहिती अमेरिकेत राहून, परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी आहे.

आधी कायदा, मग दुकान

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फेडरल कायद्याची आडकाठी नाही. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर मात्र बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही मनाई आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला मुख्य अपवाद. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, आणि कपाटात ठेवलेली बंदूक बेकायदा ठरते. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. शंका असेल तर पैसे देण्याआधी वकिलाला विचारा, दुकानदाराच्या भरवशावर राहू नका.

दुसरा प्रश्न राज्याचा. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये हरणासाठी नेहमीची सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठिणगी पडणाऱ्या काडतुसांची) रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक) किंवा धनुष्यबाण. ओहायोत, आयोवात आणि मिशिगनच्या फक्त दक्षिण भागात सरळ भिंतीची, म्हणजे गळ्याशी निमुळती न होणारी काडतुसं लागतात. इलिनॉयमध्ये २०२३ पासून रायफलला परवानगी आहे, पण एकावेळी एकच काडतूस भरता येणारी हवी. व्हर्जिनियात .२३ पेक्षा लहान कॅलिबर (गोळीचा इंचातला व्यास) चालत नाही, कोलोरॅडोत .२४ पेक्षा. म्हणजे सर्वांत मवाळ असलेली .२२३ तिथे बाद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या मोसमाची राज्याची पुस्तिका वाचूनच कॅलिबर ठरवा.

धक्का येतो कुठून

गोळी आणि जळालेल्या दारूचा वायू पुढे जातो, तेवढ्याच जोराने रायफल मागे येते. म्हणजे तीन गोष्टी महत्त्वाच्या: गोळीचं वजन आणि वेग, दारूचं प्रमाण, आणि रायफलचं वजन. धक्का फूट-पाउंड या ऊर्जेच्या मापात मोजतात. दुर्बिणीसकट ८ पाउंडांची रायफल धरली तर वेगवेगळ्या काडतुसांचे अंदाजे आकडे असे येतात: .३५० लेजंड ८, .२४३ विंचेस्टर ९, .३०-३० विंचेस्टर १० ते ११, ६.५ क्रीडमूर १२ ते १३, ७ एमएम-०८ रेमिंग्टन १३ ते १४, .३०८ विंचेस्टर १६, .२७० विंचेस्टर १७, .३०-०६ स्प्रिंगफील्ड २० च्या आसपास, आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम तिशीला टेकतं.

नवख्या माणसाने १५ च्या आत राहावं. २० च्या पुढे अनुभवी लोकांचाही नेम ढासळायला लागतो. मॅग्नमचा, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसांचा, मोह तर सोडाच. व्हाइटटेलवर बहुतेक गोळ्या शंभर यार्डांच्या आत झाडल्या जातात, आणि त्या अंतरावर मॅग्नमची जास्तीची ताकद खांद्याला दुखापत आणि मांसाची नासाडी करण्यापलीकडे काही देत नाही.

आता वजनाची गोष्ट, कारण फसगत बहुधा इथेच होते. डोंगरात चढायला हलकी बरी म्हणून लोक ६ पाउंडांची ‘माउंटन’ रायफल उचलतात. धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. तेच काडतूस ८ पाउंडांऐवजी ६ पाउंडांच्या रायफलमधून झाडलं तर धक्का एक तृतीयांशाने वाढतो. ६ पाउंडांची .३०८ ही ८ पाउंडांच्या .३०-०६ पेक्षाही जोरात लागते. मचाणावर किंवा ब्लाइंडमध्ये (लपायच्या आडोशात) बसून शिकार करणाऱ्याला त्या दोन पाउंडांचं ओझं जाणवतही नाही. रिकामी रायफल ७ पाउंडांच्या आसपास घ्या. दुर्बीण आणि रिंगा धरून ती आपोआप आठपर्यंत जाते.

मग घ्यायची कुठली

एकच नाव सांगायचं तर ७ एमएम-०८. .३०८ चं कवच गळ्याशी आवळून १९८० मध्ये रेमिंग्टनने ती बाजारात आणली. १४० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी व्हाइटटेलला उत्तम पुरते आणि धक्का .३०८ पेक्षा स्पष्ट कमी. अडचण एवढीच की छोट्या गावातल्या दुकानात तिची काडतुसं नेहमी मिळत नाहीत. त्या बाबतीत ६.५ क्रीडमूर सोयीची: १४० ग्रेनच्या आसपासची गोळी, धक्का किंचित कमी, आणि काडतुसं बहुतेक दुकानांत.

किशोरवयीन मुलांसाठी, सडपातळ बांध्याच्या माणसासाठी किंवा खांद्याचं दुखणं असेल तर .२४३ घ्या. पण हिच्यात गोळीची निवड कळीची आहे. बाजारात .२४३ ची ५५ ते ५८ ग्रेनची काडतुसंही मिळतात. ती कोल्ह्यासारख्या छोट्या जनावरांसाठी असतात; हरणाच्या खांद्यावर वरवरच फुटतात आणि जखम खोल जात नाही. हरणासाठी ९० ते १०० ग्रेनची शिकारी गोळी, किंवा ८० ते ८५ ग्रेनची तांब्याची. खोक्यावरचा ग्रेनचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

सरळ भिंतीच्या राज्यांत २०१९ मध्ये आलेली .३५० लेजंड घ्या. दीडशे यार्डांपर्यंत ती भरवशाची आहे. .४५० बुशमास्टर तिथेच शेजारी ठेवलेली असते, पण तिचा धक्का कितीतरी जास्त. न्यू जर्सीत शॉटगनच घ्यायची असेल तर १२ गेजच्या (गेज हे नळीच्या रुंदीचं माप) स्लगचा, म्हणजे एकाच जड गोळीच्या काडतुसाचा, धक्का ३० च्या वर जातो, तेव्हा आतून आटे असलेल्या, अरुंद नळीची २० गेज पाहा. मझललोडरमध्ये दारूच्या ५० ग्रेनच्या तीन तयार वड्यांऐवजी दोनच वापरा. शंभर यार्डांसाठी तेवढी दारू पुरते.

घरात .३०८ किंवा .३०-०६ आधीच असेल तर नवी घ्यायची गरज नाही. कमी धक्क्याची काडतुसं मिळतात. हॉर्नाडीची कस्टम लाइट त्यातलीच. मात्र तिच्यासाठी दुर्बिणीचा नेम नव्याने बसवावा लागतो.

दस्ता अंगाला बसतो का

हे काम दुकानातच, वेळ घेऊन करा. आधी बोल्ट (मागची सरकती कडी) उघडा, कोठी (काडतूस बसतं ती जागा) रिकामी असल्याचं डोळ्यांनी पाहा आणि बोट घालूनही चाचपा. शिकारीला जे जाड जॅकेट घालणार तेच घालून जा. नोव्हेंबरच्या थंडीतलं जॅकेट दस्त्याची लांबी सहज पाऊण-एक इंचाने वाढवतं. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर चापावर आरामात पोचलं पाहिजे. ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे.

कारखान्यातून येणारे बहुतेक दस्ते साडेतेरा ते पावणेचौदा इंचांचे असतात, म्हणजे सहा फुटांच्या आसपासच्या माणसाच्या मापाचे. आपल्यातल्या पाच फूट चार इंचांच्या बाईला किंवा पुरुषाला तो लांबच पडतो. मग माणूस मागे झुकून उभा राहतो, दस्ता खांद्याच्या खोबणीतून सरकून दंडावर येतो, आणि साधी .२४३ सुद्धा काळानिळा डाग देते. अशा वेळी साडेबारा इंचांचा दस्ता असलेली रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट पाहा, किंवा सॅव्हेज ११० ची अ‍ॅक्युफिट रचना, जिच्यात चकत्या घालून लांबी आणि गालाची उंची दोन्ही बदलता येतात. कॉम्पॅक्ट रायफली हलक्याही असतात, म्हणून त्या .२४३ किंवा ६.५ क्रीडमूरमध्येच घ्या.

दुसरी कसोटी दुर्बीण बसवलेल्या रायफलवर. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल स्वच्छ दिसलं तर बसली. कडेला काळी कोर दिसली तर दुर्बीण पुढे-मागे हवी किंवा गाल खाली पडतोय. डोळा आणि काच यांत किमान साडेतीन इंच अंतर राहिलंच पाहिजे. कमी असेल तर धक्क्याबरोबर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते आणि रक्त येतं. एकदा तसं झालं की दचकण्याची खोड जडते, आणि ती काढायला महिने लागतात.

दस्त्याच्या टोकाचं रबर अंगठ्याने दाबून पाहा. स्वस्त रायफलींत ते टायरसारखं कडक असतं. लिंबसेव्हर किंवा पॅकमायरचं मऊ पॅड थोड्या पैशांत बसतं आणि फरक पहिल्याच गोळीला कळतो; फक्त जाड पॅडने दस्त्याची लांबी वाढते, ते मोजूनच घ्या. नळीच्या तोंडाला लावायचा मझल ब्रेक धक्का खूपच कमी करतो, पण आवाजाचा लोट बाजूला आणि मागे फेकतो. रानात कानांवर काही नसताना झाडलेली एक गोळीही ऐकू येणं कायमचं बिघडवू शकते. वरच्या मवाळ काडतुसांना ब्रेकची गरजच पडत नाही.

दचकणं ओळखा आणि मोडा

रेंजवर कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही घाला. दचकण्यामागे अर्धा हात आवाजाचा असतो. बेंचवर बसून झाडताना धक्का जास्त लागतो, कारण धड मागे सरकू शकत नाही. म्हणून बेंचचा उपयोग नेम बसवण्यापुरता करा. रायफल अडकवून वर वजन ठेवायचे सांगाडे मिळतात, ते जपून वापरा. रायफल मागे हलूच शकली नाही तर सगळा मार दस्त्यावर बसतो आणि लाकूड तडकतं.

खोड तपासायची रीत सोपी आहे. सोबत्याला तुमच्या नकळत कधी खरं, कधी डमी काडतूस भरायला सांगा. डमीवर चाप ओढल्यावर दुर्बिणीतली फुली जागची हलली नाही तर ठीक. ती झपकन खाली गेली तर दचकताय. मग हट्ट करू नका, .२२ च्या रायफलवर परत जा. पन्नास गोळ्या .२२ च्या, मध्येमध्ये मोठीच्या पाच, हे प्रमाण ठेवा, आणि मोठी एका दिवशी पंधरा-वीस गोळ्यांवर थांबवा. खांदा ठणकायला लागल्यावर झाडलेली प्रत्येक गोळी चुकीची सवय पक्की करते.

नेम आधी २५ यार्डांवर बसवा, मग १०० वर गोळी नेमापेक्षा दीड-दोन इंच उंच लागेल असं ठेवा; .२४३, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ या तिन्ही त्यावर २०० यार्डांच्या आसपास बरोबर नेमावर येतात. .३५० लेजंड मात्र १०० वरच सरळ बसवा. मग बेंच सोडा. जॅकेट घाला, आठ इंचांची कागदी डिश लावा आणि बसून, गुडघ्यावर, उभं राहून प्रत्येकी पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर पाचांपैकी पाच डिशमध्ये पडतात, त्या पवित्र्यात तेच तुमचं अंतर. हरीण त्यापलीकडे उभं असेल तर चापावरून बोट काढा.